आधी दोन फेरे, मग चावी

वसंतकाकांनी एकदा माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट चुकीचा बसवला होता. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणालाही बॉनेट उघडू दिलं नाही.

काका आज पहाटे गेले.

समा भागात, घराखालीच त्यांचं गॅरेज. बोर्ड नाही, कार्ड नाही. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांच्या जुन्या गाड्या त्यांच्याच भरवशावर चालायच्या.

माझी गाडी म्हणजे बाबांची गाडी. ते गेल्यावर माझ्याकडे आली. तेव्हा अकरा वर्षं जुनी, आणि चाललेली जेमतेम चाळीस हजार किलोमीटर. बाबा तिला रविवारी आणि लग्नकार्यालाच काढायचे. एरवी ती गोत्रीला सोसायटीत कव्हर पांघरून उभी.

मग आईची केमो ठरली. अहमदाबादला, दर मंगळवारी.

नवरा नंदेसरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, रजा मिळेना. म्हणजे एक्सप्रेसवेवर मी, आई आणि ही गाडी. तोवर मी भाजी आणण्यापलीकडे गाडी नेली नव्हती.

शनिवारी काकांना दाखवली.

"बेल्ट कधी बदललाय?"

"कशाला? चाळीस हजारच तर झालीय," मी बाबांच्याच ऐटीत.

काका हसले. "रबराला किलोमीटर कळत नाहीत गं, वर्षं कळतात. तुझ्या बाबांनी ठेवून ठेवून म्हातारी केली हिला."

बेल्टवरचं झाकण काढून त्यांनी तो वळवून दाखवला. आतून बारीक भेगाच भेगा. हा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन खलास. गाडी जिथे असेल तिथेच बसणार.

आई मागून म्हणाली, "वसंतराव, काय ते सगळं बदला. मला मंगळवारी पोचायचंय."

बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंपसुद्धा. पंप चांगला होता, पण तो याच बेल्टवर फिरतो. "उद्या तो गळला तर परत हेच सगळं उघडावं लागेल. तेव्हा तुला वेळ असेल का?" काका म्हणाले.

सोमवारी बेल्ट बसवायचा होता. आई हट्टाने बरोबर आली. डबा घेऊन.

आईचा एक कायदा होता. आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाने आधी खायचं. प्लंबर असो की डॉक्टर.

काका वाकून, चाकांवरच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा जुळवत, बेल्ट दातांवर चढवत होते. आईने नेमका तेव्हाच शेंगदाण्याचा लाडू पुढे केला.

दुसऱ्या दिवशी केमोला निघालेल्या बाईला नाही कसं म्हणणार? काकांनी एक हात सोडला. लाडू तोंडात टाकला. "फक्कड, वहिनी!"

बेल्ट चढला. टेन्शनर आवळला. मी चावी लावायला निघाले.

"थांब. आधी दोन फेरे, मग चावी."

हा काकांचा कायदा. पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोनदा फिरवायचं. खुणा पुन्हा जागेवर आल्या तरच चावी लावायची.

त्यांनी फिरवलं. एकदा. दोनदा.

खुणा जुळल्या नाहीत.

काका बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक दात चुकला. माझ्या हातून."

बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, एक दांतमां शुं बगडी जवानुं?"

"कदाच कंई नहीं. पण आ बेन एनी मम्मीने लईने हाईवे पर जवानी छे." एका दाताने बिघडलं नसतंही काही, पण मी आईला घेऊन हायवेवर जाणार होते.

आई ओशाळली. "मी लाडू दिला म्हणून झालं हो."

"लाडवाचा काय दोष, वहिनी? हात मी सोडला."

आणि पुन्हा सगळं सोडवलं. चांगला दीड तास गेला. आई डबा मांडीवर घट्ट बंद करून बसून होती.

पुन्हा दोन फेरे. खुणा समोरासमोर.

"आता द्या दुसरा," काका म्हणाले.

खरं सांगते, उशीर झाला म्हणून मला तेव्हा राग आला होता. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते काही बोललेच नसते, तर मला मेलीला काय कळणार होतं?

पाच महिने आम्ही जात होतो. येताना आई मागे थकून पडलेली असायची, आणि मी, एक नंबरची घाबरट, इंजिनाचा आवाज ऐकत चालवायचे. त्या आवाजाचाच आधार होता.

आई त्यानंतर सहा वर्षं होती. नातीची दहावी बघून गेली.

गेल्या हिवाळ्यात दुसरा बेल्ट घातला. काकांचे हात थरथरत होते. कसाबसा बसवला आणि पाना माझ्या हातात दिला.

"तू फिरव."

मी फिरवलं. एकदा. दोनदा.

"अडतंय कुठे?"

"नाही."

"खुणा?"

"जुळल्या."

"नीट बघ. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

मी पुन्हा वाकून बघितलं. जुळल्या होत्या.

"लाव चावी. आणि डबा कुठाय? आणलायस ना?"

आणला होता. आईच्याच हिशोबाने केलेले लाडू. पण चावी लागेपर्यंत डबा पिशवीतून बाहेर काढला नव्हता. काका खूप हसले.

काका, एक सांगायचं राहून गेलं.

अहमदाबादहून आलो की आई जिना चढायच्या आधी गरम बॉनेटवर हात ठेवायची. दर मंगळवारी. म्हणायची, "वसंतरावांना फोन कर. सांग, पोचलो."

मी हो म्हणायचे. तिचं औषध, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. एकदाही फोन केला नाही.

आज सांगते, काका.

पोचलो. दर वेळी पोचलो.

नमस्कार करते.