मांजरांसाठी आणलेली कोळंबी

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या नानासाहेबांच्या पूर्वजांनी होळकरांच्या फौजेत तलवार चालवली. नानासाहेबांनी मात्र विमा कचेरीत नोकरी केली आणि घरात मंगलाबाईंपुढे कधी आवाज चढवला नाही. मंगलाबाईंनी अनुग्रह घेतला आणि मटणाचं पातेलं मोडीत निघालं, तेव्हाही ते गप्पच राहिले.

अशात नात ईशा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आली. कोळंबीच्या टरफलांतून कायटोसान नावाचा पदार्थ काढायचा आणि त्याने जंतू मरतात का ते पाहायचं, असा तिचा प्रोजेक्ट होता.

"समुद्राकाठच्या कारखान्यांत ही टरफलं ढिगांनी फेकतात, आजोबा. इंदुरात कुठून आणू?"

"अख्खी कोळंबी आणू," नानासाहेब म्हणाले. "टरफलं तुझी. राहिला तो कचरा."

"त्या कचऱ्याचं काय करणार?" मंगलाबाईंनी विचारलं.

"शामच्या गल्लीत मांजरं खूप आहेत."

शामराव म्हणजे भंवरकुआंला एकटे राहणारे त्यांचे मित्र. बर्फातली कोळंबी त्यांच्या ओट्यावर आली.

"भिया, आधी सोलायची ना?" शामराव म्हणाले.

"सोलतो यार, हळद-मीठ तर लागू दे. वास मारेल."

इतक्या वर्षांनी हात शिवशिवत होते. टरफलांसकट सगळ्या कोळंबीला हळद चोळली गेली. मग टरफलं धुऊन, वाळवून पिशवीत आणि बाकीचं लसणाच्या फोडणीत. घरी येताना नानासाहेबांनी मूठभर सौंफ चघळली.

चार दिवसांनी ईशा एक बाटली घेऊन रडवेली होऊन आली.

"टरफलं कॉस्टिक सोड्यात टाकली तर पाणी लालभडक झालं. मॅडम म्हणतात, असं होतच नाही."

मंगलाबाईंनी बाटली उजेडात धरली. "हळद आहे ही. सोड्यात लाल होते. साबणाने धुतलं की साडीवरचा डाग होतो ना, तशी." मग त्या सावकाश वळल्या. "अहो, मांजरांच्या कोळंबीला हळद कोण लावतं?"

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आजी, जंतू तर हळदीनेही मरतात," ईशा म्हणाली. "आता कशाने मेले ते कळणारच नाही. सगळं परत करावं लागेल."

मंगलाबाईंनी बाटली खाली ठेवली. पोरीचं वर्ष पणाला लागलं होतं.

"परत आणा," त्या शेवटी म्हणाल्या. "मी शामभाऊंच्या दारात खुर्ची टाकून बसते. टरफलं आधी माझ्या हातात. त्यानंतर मी पाठ फिरवीन. मांजरांनी मग काय करायचं ते करावं."

"आणि आजी, एकदा करून चालत नाही. तोच रिझल्ट तीनदा यावा लागतो."

नानासाहेबांनी चष्मा चढवला.

"बेटा, तीनदा केल्यावर मॅडमची खात्री पटेल ना? नाहीतर आपण अजून करू."