निळ्या फ्रॉकची मुलगी

शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. व्यासपीठावर व्यापारी मंडळातली सगळी बडी मंडळी होती आणि प्रत्येकाला साहेबांपेक्षा स्वतःच्याच आठवणी जास्त येत होत्या. एक गृहस्थ म्हणाले, पंपांच्या धंद्यातून साहेबांनी लाखमोलाचा चित्रसंग्रह उभा केला. लाखमोलाचा! चित्राची किंमत विचारणाऱ्या पाहुण्याला साहेब सरळ कारखान्याची वाट दाखवायचे. "किमतीचा माल तिकडे मिळतो," म्हणायचे.

एरवी मला हसू आलं असतं. पण मी सभा संपायची वाट बघत होतो. मला त्यांच्या मुलाला गाठायचं होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. आमची एकुलती एक मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली. त्यानंतर मी तिचं एकच चित्र काढलं, निळ्या फ्रॉकमधलं. बायकोला ते घरात सहन होईना. ती त्या खोलीत पाऊल टाकेना, धड जेवेना. तेव्हा चित्रांच्या नादातून ओळख झालेले साहेब स्वतः आमच्या शनिवार पेठेतल्या घरी आले आणि ते चित्र सांभाळून जिना उतरले. "मास्तर, ही माझ्याकडे राहील, पण तुमचीच. कोण आहे, ते मी कुणाला सांगणार नाही." एवढा मोठा संग्रह, पण ऑफिसात टेबलासमोर त्यांनी तेवढं एकच चित्र लावलं. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला त्यांचा फोन यायचा, "चहाला या." ते फायली चाळत बसायचे आणि मी तिच्याकडे बघत बसायचो. त्या एका चहावर माझं वर्ष निघायचं.

साहेब गेल्याची बातमी बायकोनेच पेपरात वाचली. तिने पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाली, "आता तिथे तिचं कोण आहे? घरी आणा हो तिला."

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच मुलीचा विषय काढला होता. मी त्याच पावली निघायला हवं होतं. पण सुतक असलेल्या घरी मागायला कसं जायचं? म्हणून तेरावा होईपर्यंत थांबलो. रीत पाळली. आग लागो त्या रीतीला.

सभा संपल्यावर मुलगा मला बघून थांबला. खराडीत त्याची सॉफ्टवेअर कंपनी आहे. भला मुलगा आहे, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही. माझं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"काका, ऑफिसातल्या त्या चित्रासकट सगळं कलेक्शन मागच्याच आठवड्यात शिप झालं. बाबा आयसीयूत होते तेव्हाच परदेशातल्या एकाशी डील ठरलं होतं. संग्रह फुटू द्यायचा नाही, ही बाबांचीच इच्छा. पण ती मुलगी तुमची, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नाही."

कोण सांगणार? साहेबांनी शब्द पाळला होता.

त्याने मोबाईलवर चित्राचा फोटो दाखवला. फोटोत चित्राच्या काचेवर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती, नेमकी चेहऱ्यावर. "मी त्यांना मेल टाकतो, काका. ट्राय करतो," म्हणाला. त्याने मेल टाकला, पण अजून उत्तर नाही.

घरी आलो तर बायकोने समोरची भिंत पुसून ठेवली होती, कॅलेंडर काढून खिळा मोकळा केला होता. दार उघडल्यावर तिने माझ्या मागे, जिन्यात बघितलं.

"एकटेच आलात?"

मी चपला काढून आत गेलो. तिला सगळं सांगितलं ते संध्याकाळी.

"मग पुन्हा काढा," असं आता ती रोज म्हणते. मी कागद घेऊन बसतो. फ्रॉक जमतो, वेण्या जमतात, चेहरा येत नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, शाळेच्या ग्रुपमधला, त्यात तोंड मुगाच्या डाळीएवढं. बायको शेजारी बसून सांगते, "नाक माझ्यासारखं होतं." मला ते माझ्यासारखं आठवतं. यावरून आम्ही भांडतो आणि मग दोघंही रडत बसतो. खरं काय, कुणाला विचारायचं? तिला इतकी वर्षं रोज बघत आले ते फक्त साहेब, आणि त्यांच्या फोटोला मी स्वतःच्या हाताने हार घालून आलो.