झिलईची खोली

शनिवारी सकाळी लेक सायकल घेऊन निघाली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून बघत राहायचे. आमच्या डच गावातून, उइटहॉर्नहून, थेट शहरातल्या बुइटनव्हेल्डर्टला. तिथे एका चिनी बाईंच्या दुकानामागच्या कारखान्यात दिवसभर राबायची आणि संध्याकाळी नखांत राख घेऊन घरी यायची, तेही फुकट. आठवडाभर बँकेत काम करणारी पोरगी! विचारलं तर "शिकतेय गं," एवढंच. पुढे ताकास तूर लागू द्यायची नाही. नवरा म्हणायचा, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. म्हणू दे. फुकटात कोणी कुणाला काही शिकवत नाही, असं माझं मत आहे.

बाईंच्या सासरी, चीनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चिनी मातीची भांडी घडवत आले होते. बाईंनी ती विद्या बरोबर आणली होती. त्यांना एक मुलगा होता, पण तो लांब नायमेखन शहरात, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. दुकानात तो फिरकतही नाही, हे मी खोदून खोदून विचारून घेतलं होतं आणि ती शंका निकालात काढली होती.

एकदा डबा द्यायच्या निमित्ताने मी तिथे थडकलेच. पुढे फळ्यांवर पांढऱ्याशुभ्र वाट्या, गल्ल्यावर बाईंची मुलगी, माझ्या लेकीच्याच वयाची. मागच्या खोलीचा पडदा अर्धा उघडा होता. आत माझी लेक राख चाळत होती. नेचे आणि चुनखडी जाळून केलेली राख, त्यात दगडाची भुकटी आणि पाणी. भांड्यावर चढवायची झिलई त्यातून होते. बाई तिला कानाशी लागून मापं सांगत होत्या. तेवढ्यात गल्ल्यावरची मुलगी पाण्याची बादली घेऊन गेली. बाईंनी तिला उंबऱ्यातच थांबवलं, बादली घेतली आणि तिच्या तोंडावर पडदा ओढला.

माझं डोकंच सणकलं. स्वतःच्या पोरीला लांब ठेवायचं आणि माझ्या पोरीचे हात त्यात बुडवायचे? काहीतरी विषारी असणार. बाई बाहेर आल्या तशी मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सरळ विचारलं, "तुमच्या मुलीला का नाही आत घेत?"

"ती लेक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "लेक दुसऱ्या घरी जाते, तिच्याबरोबर झिलईही जाते. आमच्यात हे फक्त सुनेला शिकवतात. मलाही माझ्या सासूनेच शिकवलं."

पडद्याआड चाळणीचा आवाज थांबला.

"सुनेला," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत नाही?"

लेक बाहेर आली. कोपरापर्यंत हात पांढरे. "आई, आय वॉज गोइंग टु टेल यू. आफ्टर दिवाळी."

"इथे सगळ्यांना माहीत आहे?"

गल्ल्यावरच्या मुलीने मान खाली घातली. तिलाही माहीत होतं तर.

"मग मलाच का नाही?"

लेक एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देते. या वेळी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू त्याची चौकशी केली असतीस, आई."

खोटं नव्हतं ते. राग आला, पण त्याहून जास्त लागलं. हिने आपलं माणूस निवडलं, घर निवडलं, त्या घराची विद्यासुद्धा घ्यायला लागली, आणि मी नखांतल्या राखेवरून तर्क लढवत बसले होते.

निदान ती काय करते ते तरी बघावं म्हणून मी पडद्याकडे वळले. बाईंनी हळूच माझा दंड धरला. "माफ करा. तुम्ही मुलीकडच्या."

मी लेकीकडे पाहिलं. आईला येऊ दे, एवढं ती म्हणेल असं वाटलं. तिने बाईंकडे पाहिलं, मग आत गेली आणि पडदा स्वतःच्या हाताने ओढून घेतला.

गल्ल्यावरच्या मुलीने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "मी लहानपणापासून इथेच बसते."