सदतीस नंबर

अनसिंगच्या एसटी स्टँडजवळ पदमचंद सेठचं तुरीचं गोदाम होतं आणि त्या गोदामावर राखण होती सोमलाची. मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचा हा माणूस. अक्षरओळख नव्हती, पण फोनचा दांडा फिरवून ऑपरेटरकडे नंबर मागायला तो शिकला होता. नंबर एकच, सेठच्या वाशीमच्या पेढीचा. सदतीस.

त्याची एक खोड गावात चेष्टेचा विषय झाली होती. कुणाचाही फोन येवो, सोमला तो मुकाट ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ठेवा. मी लावतो." मग स्वतः सदतीस मागायचा आणि पेढीवरून सेठनी तेच सांगितलं तरच दार उघडायचा. हमाल म्हणायचे, "सोमल्या, बायकोनं जेवाले बोलावलं तरी सदतीसले इचारशीन काय?"

हसणाऱ्याचं काय जातं! बहात्तर साली काय झालं होतं ते या सगळ्यांना ठाऊक होतं, तरी हसायचे. त्या साली फोनवर हुबेहूब सेठचा आवाज आला, "चाळीस पोते ट्रकात भरून दे." सोमलानं भरून दिली. ट्रक गेला तो गेलाच, आणि सेठनी तर फोनच केला नव्हता. पोलीस ट्रकामागे जायच्या आधी तांड्यावर गेले. चोरी झाली की आधी तांडा धुंडाळायचा, ही जुनी रीत. तिला अक्कल लागत नाही. सोमलाच्या बायकोची, रामीबाईची पेटी त्यांनी अंगणात उपडी केली. आरसे जडवलेला तिचा लग्नातला घागरा धुळीत पडला आणि सगळा तांडा बघत राहिला. सापडलं काहीच नाही. तरी सोमलाला धरून नेलंच.

सेठ स्वतः ठाण्यात गेले आणि त्याला सोडवून आणलं. वाटेत म्हणाले, "आवाजावर इस्वास ठेवू नोको. माह्या आवाजावर बी नोको. फोन ठेवायचा अन् तूच सदतीस लावायचा. चोर माहा आवाज काढीन, पन माह्या पेढीत येऊन थोडाच बसते!"

तेव्हापासून सोमलानं ते व्रतासारखं पाळलं.

दोन वर्षांनी अनंत चतुर्दशीच्या दुपारी फोन वाजला. त्या दिवशी पेढीला कुलूप असायचं आणि सेठ पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर जैन मंदिरात बसायचे.

"सोमला, मी पदमचंद. रूपलानं रामीबाईले एसटीनं दवाखान्यात आनलं. आठव्या महिन्यातच पोट दुखाले लागलं. रक्त लय गेलं. डॉक्टर म्हन्ते, नवऱ्याले बोलवा. कुलूप लाव अन् निघ."

रूपला म्हणजे रामीबाईचा भाऊ. पण आज सेठ फोनवर कसे? आणि गोदाम ओस पाडायला यापेक्षा चांगला दिवस चोराला कुठला मिळणार?

"ठेवा," तो म्हणाला. "मी लावतो."

"अरे, मी दवाखान्यातून बोलून राह्यलो! पेढीत कोनी नाही!"

सोमलानं फोन ठेवला. लगेच सदतीस मागितला. तिकडे घंटी वाजत राहिली. ऑपरेटरला विचारलं, आत्ताचा फोन कुठून होता? "वाशीमहून, एवढंच सांगता येईल," तो म्हणाला. पुन्हा सदतीस. पुन्हा. ऑपरेटर वैतागला. सोमला एकदा दारापर्यंत गेला, कुलूप हातात घेतलं. खरं असेल तर रामी तिकडे मरते आहे. खोटं असेल तर उद्या पुन्हा तीच पेटी, तोच तांडा. तो परत आला आणि दांडा फिरवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात मात्र थांबत नव्हता.

अर्ध्या तासानं तिकडून कुणीतरी फोन उचलला. नुसती धाप ऐकू आली.

"सोमला... सदतीस बोलून राह्यलो. आता तरी ये, बाबा."

साठीचे सेठ दवाखान्यापासून पेढीपर्यंत, दीड मैल, भर उन्हात, कोरड्या घशानं धावत आले होते. रूपलाचा निरोप मिळताच मंदिरातून उठले तेव्हा चपलाही घातल्या नव्हत्या. नियम त्यांचाच होता. सोमला तो मोडणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सोमला दवाखान्यात पोचला तेव्हा व्हरांड्यात सेठ पाय पसरून बसले होते, तळव्यांना फोड आलेले. आत रामीबाई होती, रंग उडालेली, पण जिवंत. कुशीत वीतभर पोरगी.

"सेठनं सांगतलं, तू फोन ठेवला म्हून," ती म्हणाली.

सोमलाला मान वर करवेना. "चुकलं माहं, रामी."

"काहून चुकलं?" तिचा आवाज जेमतेम निघत होता. "मी मेली असती तं एकडाव मेली असती. पेटी पुन्यांदा उघडली असती, तं या पोरीले बी चोराची म्हनले असते."

सोमला तिच्या पायाशी खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला.