शरयूकाकूंचे हिवाळे

आमच्या नोव्हाय गावात पहिल्या बर्फाची चिन्हं दिसली की लोक आपल्या शौकाच्या गाड्या धुऊनपुसून झाकून ठेवतात. शरयूकाकू नेमक्या त्याच दिवशी आपल्या गाडीवरचं आवरण काढायच्या. गाडी दोनच माणसांची, गर्द निळी, लांब नाकाची आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी स्वतःची घडी घालावी लागे. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना. असली गाडी उन्हाळ्यात मिरवायची आणि हिवाळ्यात जपायची, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. इथे दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी गाडीचा एखादा भाग बनवून पोट भरतं. काकूंचं सगळं उलटं. मे महिना आला की निळी गॅरेजमध्ये, आणि काकू आपल्या साध्या करड्या गाडीतून भाजी आणायला. बर्फ पडला की निळी बाहेर. वय सत्तरीच्या जवळ, पेशाने भूलतज्ज्ञ, नुकत्याच रिटायर झालेल्या. इथल्या मराठी मंडळातले लोक पाठीमागे म्हणत, यजमान माधवकाका गेल्यापासून बाईंचं डोकं जरा फिरलंय. ते मीही ऐकलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला पटलंही होतं.

माझी त्यांची गाठ पडली ती मी चरात असताना. नागपूरहून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. बर्फात सुरक्षित म्हणून नवऱ्याने चारही चाकं ओढणारी उंच गाडी घेतली होती, आणि तिच्या भरवशावर मी ती लायब्ररीच्या वळणावर सरळ रस्त्याकडेच्या चरात नेऊन बसवली. टो-ट्रकची वाट बघत रडकुंडीला आले होते. तेवढ्यात मागून ती निळी आली आणि हळूच थांबली. आतून लोकरी टोपी, सलवार-कमीज आणि गुडघ्यापर्यंतचे स्नो-बूट अशा थाटात काकू उतरल्या. त्यांनी आधी माझं मनगट धरून नाडी पाहिली. मग गाडीकडे नजर टाकून म्हणाल्या, "ऑल-व्हील ड्राइव्ह ना? ती निघायला मदत करते गं. थांबायला नाही. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच."

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये बोलावलं. बर्फ अजून कुणी बाजूला सारला नव्हता. निळीच्या स्टिअरिंगपुढे त्यांनी मला बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. गिअर हाताने टाकायचे, त्यामुळे माझी निम्मी भीती तिथेच संपली. नागपुरात मी तशाच गाडीवर शिकले होते. उरलेली निम्मी पहिल्याच वळणावर परत आली. गाडीची मागची बाजू माझ्या पुढे जायला बघत होती आणि मी किंचाळून ब्रेक दाबला. आम्ही गोल फिरून आल्या दिशेला तोंड करून उभ्या राहिलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "पेशंटचं बीपी पडलं म्हणून मी ओरडले असते तर किती जण उठले असते टेबलावरून? ब्रेक सोड. पाय अलगद. नाडीवर बोट ठेवतात तसा. आणि जिथं जायचंय तिथं बघ, ज्या खांबाची भीती वाटते त्याच्याकडं बघू नकोस."

त्यांची सगळी शिकवण अशी ऑपरेशन थिएटरातून यायची. "माझं काम लोकांना झोपवणं," त्या म्हणायच्या, "पण पगार मला उठवण्याचा मिळायचा." माणसं त्यांना फारशी मानवत नसत, आणि तसं त्या सांगतही. "जागी माणसं फार बोलतात यार, मला सवय नाही." तरी वर्षभरात मी त्यांच्या घरची झाले. माझ्या मुलीच्या तापापासून माझ्या नोकरीच्या इंटरव्ह्यूपर्यंत सगळं त्यांच्या ओट्याशी उभं राहून ठरायचं.

बर्फावर अशा गाडीचं मागचं वजन कमी पडतं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहतात. म्हणून लोक डिकीत वाळूची पोती टाकतात. काकू तांदळाची टाकत. देशी दुकानातून सोना मसुरीची वीस-वीस पाउंडांची पोती आणून दोन्ही चाकांच्या बरोबर वर रचायची आणि चार महिने तशीच हिंडवायची. "वाळू एप्रिलमध्ये कुठं टाकू? तांदूळ निदान खाता येतो." पाडव्याच्या सुमारास ती पोती उतरत, आणि मंडळाच्या जेवणात मसालेभात व्हायचा. वाढणारे थट्टा करत, "आजचा भात बाराशे माइल फिरून आलाय, सावकाश जेवा." काकू हसत नसत, पण पुन्हा घेत.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो, पण ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटून लोखंड खातं. शहाणी माणसं दर आठवड्याला खालून पाण्याचा फवारा मारून घेतात. काकू कधीच मारून घेत नसत. निळीच्या दारांखाली आधी फोड आले, मग भोकं पडली. शेजारचे निवृत्त गृहस्थ त्यांच्या परीने कळवळून सांगायला येत, आणि काकू त्यांना कॉफी पाजून परत पाठवत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खाऊ दे. मला बघायचंय किती खातं ते."

त्याचा उलगडा झाला तो जानेवारीतल्या एका दुपारी. बाहेर आदल्या दिवशीच्या बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं आणि आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात निळ्या काठाचा एक डिनर सेट होता, त्यातल्या बशीत मी मागे कधीतरी मुलीला पोळी वाढायला गेले होते तेव्हा काकू सवयीने "ती नको" म्हणाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःच त्यातल्या दोन बशा काढल्या, पोहे वाढले आणि कुणी न विचारता बोलायला लागल्या.

माधवकाकांनी जन्मभर कुटुंबांसाठीच्या मोठ्या व्हॅनचे मागचे आस, म्हणजे अ‍ॅक्सल, डिझाइन केले. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली. ऑक्टोबर संपला की धुऊन, पॉलिश करून, बॅटरीला चार्जर लावून झाकून ठेवायची, हा नेम दोघांनी मिळून पाळला. उन्हाळ्यातही ढग दिसले तर काढायची नाही. मग काकांना पोटाचा कॅन्सर निघाला. असाच जानेवारी होता, असंच ऊन. काका खिडकीशी बसले होते. म्हणाले, शरयू, ही एकदा बर्फात कशी चालते बघायचंय. तू चालव, मी नुसता बाजूला बसतो.

"आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे?" काकू वाटाणे सोलतच होत्या. "म्हटलं, रस्त्यावर मीठ टाकलंय, गाडी खराब होईल. एप्रिलात पाऊस पडून रस्ते धुतले गेले की नेते. तो बरं म्हणाला. त्याला पटलंच ते. आम्ही दोघं तसलेच. मंजू, रिपोर्ट मीच वाचले होते गं. एप्रिल नाहीये, हे मला त्याच्या आधी माहीत होतं. तरी तोंडातून काय आलं? मीठ." मार्चच्या पहिल्या आठवड्यात काका गेले. रस्ते तेव्हा पांढरेच होते.

मी आमच्या घरच्या कपाटांचा विचार करत राहिले: आईने माझ्या लग्नात दिलेली पैठणी, जी चांगल्या कार्याची वाट बघत पडली होती, सासूबाईंनी पाठवलेली चांदीची वाटी. आपल्याकडे चांगली वस्तू म्हणजे उद्याची वस्तू. काकूंसारखी चाळीस वर्षं माणसांना मरणाच्या दारातून परत आणणारी बाई ऐन वेळी नवरा सोडून गाडी जपते, तर आपली काय कथा? त्या दिवसापासून त्या गाडीत बसताना मला शेजारच्या सीटवर बसायचा संकोच वाटू लागला. काकूंना ते कळलं. म्हणाल्या, "बस गं. रिकामी असली की मला जास्त त्रास होतो."

मुलगा निखिल पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लाराला असतो. दर थँक्सगिव्हिंगला येऊन तो एकच विषय काढायचा. "आई, बी प्रॅक्टिकल. एकटी, या वयात, आइसवर, त्या गाडीत? तू माझ्याकडे मूव्ह हो. तिथे विंटरच नाही." काकूंचं उत्तर ठरलेलं, "म्हणून तर नको." त्याला कारण माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नाही. "बापाचा शेवटचा हट्ट आईनं मोडला, हे मुलानं कशाला उरावर घ्यायचं?" तो मला बाजूला घेऊन विनवायचा, की मंजूताई, तुम्ही तरी समजवा तिला. मी मान डोलवायची. तो वाईट मुलगा नव्हता; त्याला आई जिवंत हवी होती. आणि काकूंना प्रत्येक हिवाळ्यात बाहेर पडायचंच होतं, ज्या दिवशी नाही म्हटलं तो दिवस पुन्हा पुन्हा काढून चालवून बघायचा होता.

सातव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, निळी मागून करकरायला लागली. आम्ही ती काकूंच्या नेहमीच्या मिकॅनिककडे नेली. तो वयस्क, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्याने गाडी लिफ्टवर उचलली, खालून बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला बोलावलं. मागच्या चाकांना धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा पापडासारखा झाला होता. त्याने बोटाने टोकरलं तर ढलपी हातात आली. म्हणाला, डॉक्टर, ही मी तुम्हाला परत चालवू देणार नाही. दुरुस्त करण्यासारखं यात काही उरलेलं नाही.

काकू बराच वेळ वर बघत उभ्या होत्या. मग त्यांनी इंग्रजीत अगदी साधेपणाने विचारलं, की समजा अशी नवी गाडी एकच दिवस, एक दुपार, मिठाच्या रस्त्यावर नेली, तर तिला काय होतं?

तो हसला. एक दिवस? काही होत नाही. घरी येऊन पाण्याने धुतली की झालं.

काकू तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही आवाज झाला नाही. हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर तसेच होते आणि चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. मिकॅनिक बिचारा घाबरला, त्याला वाटलं गाडीसाठी. चार डॉलरच्या भागासाठी भांडणारी बाई अशी का रडते हे त्याला कळेना. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझंही रडू मला आवरलं नाही. सात हिवाळे मीठ खाऊन खाऊन ती गाडी मोडली होती, आणि काकांनी फक्त एक दुपार मागितली होती.

त्यानंतर काकूंनी विरोध केला नाही. मे महिन्यात निखिलने घर आवरलं आणि त्यांना घेऊन गेला. विमानतळावर त्यांनी माझी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "जोरात चाललीय. हळू घे." मला मिठी मारणं त्यांना जमलं नाही, मीच मारली. पुढच्याच फेब्रुवारीत निखिलचा फोन आला. सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशीच कोसळल्या. हृदय थांबलं. बोलता बोलता त्याने विचारलं, "मंजूताई, ती गाडी तिला एवढी का हवी होती?" मी म्हटलं, बाबांची होती ना. तेवढंच म्हटलं.

त्या जायच्या आधीच्या रविवारी आमचं फोनवर बोलणं झालं होतं, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिकडे ऊन आहे, लिंबाच्या झाडाला फेब्रुवारीत लिंबं आहेत, असं त्या तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. मला वाटलं त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हटलं, "काकू, तुम्ही इतके हिवाळे ती गाडी बर्फात नेलीत. काकांची इच्छा पुरी केलीत तुम्ही."

त्या म्हणाल्या, "नाही गं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मलाच आवडायला लागलं होतं ते. मागची बाजू जराशी सुटते आणि आपण तिला परत आणतो, फार मजा यायची. कुणाला बोलले नाही मी, लाज वाटायची. माझी हौस झाली, मंजू. त्याची राहिलीच."

मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं जेवायची वेळ झाली असेल. ठेव आता."