डोक्याच्या जागी कमळ

आमच्या घरात चार पिढ्या देव घडवत आल्या, आणि मी आखातात, दोह्यात येऊन चार वर्षं काय घडवलं? फुटपाथच्या कडेचे दगड! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हात नुसते शिवशिवायचे.

आमचा इंजिनियर मेक्सिकोचा. एकदा त्यानं मला एक जुना फोटो दिला. त्याच्या मुलखातल्या अ‍ॅझ्टेक लोकांची दगडातली धरणीमाता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "माझ्या बागेसाठी अशी घडव. जमली तर मालकाच्या बंगल्यातलं नक्षीकाम तुला. नाहीतर फुटपाथ आहेतच."

फोटोतली बाई उकिडवी बसलेली, गुडघे फाकलेले, हात वर. डोक्याच्या जागी नुसता काळा डाग. अरेच्चा, ही तर आमच्या गावची लज्जागौरी! तिलाही डोकं नसतं, तिथं कमळ असतं. मग विचारायचं कशाला? ड्यूटी सुटली की यार्डात टाकी-हातोडा घेऊन बसायचो. पंधरा दिवसांत असं कमळ फुलवलं, की माझेच हात मला कौतुकाचे वाटले.

खोलीतला रत्नागिरीचा ड्रायव्हर बघून म्हणाला, "बाईला डोकाच नाय? तुझ्यावर गेली रे!"

शुक्रवारी मूर्ती बागेत नेली. इंजिनियरचं हसू मावळलं. "चेहरा कुठाय?"

"साब, यही चेहरा है."

त्यानं घरातून पुस्तक आणलं. त्यात तीच बाई, पण हे एवढाले दात आणि जिभेच्या जागी सुरी! मेलो. खलास, परत फुटपाथ.

पण माझा राग नाकावर. म्हटलं, "आमच्याकडं बाळंतीण अडली की बायका हिला लोणी लावतात. सुरीवालीला कोण हाक मारेल?"

त्यानं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "आमच्या सुइणीही हिलाच हाक मारायच्या." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्यांचे कारागीर म्हणे हिला दगडाच्या खालच्या अंगाला कोरायचे, तोंड मातीकडं. माणसांना दिसायचीच नाही. "तुझं कमळ चालेल. धरणी ओळखेल."

लिंबाखाली आम्ही दोघांनी ती पालथी घातली. माझा जीव तुटला हो! इतकी देखणी झालेली, आणि बघणार कोण?

"उद्यापासून बंगल्यावर ये," तो म्हणाला.

मी मातीच्या हातांनीच त्याला कडकडून मिठी मारली आणि पोरासारखा रडलो. आनंदानं, दुसऱ्या कशानं!