भावाचा फुगलेला दंड

पिंपरीला कारखान्यांची बांधकामं निघाली तेव्हा आमच्या थेरगावची तरणी पोरं रोजंदारीवर तिकडे जायला लागली. माझा धाकटा भाऊही जायचा. तो तालमीतला पैलवान, त्यामुळे ओझ्याला पहिला हात त्याचा. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. दिवसभर बाजेवर पडून राहणाऱ्या बाईला घरातलं सगळं दिसतं.

एक दिवस तो कोपर धरूनच घरी आला. लॉरीतून घसरलेली लोखंडी पेटी त्यानं वाकवलेल्या हातावर झेलली होती, आणि कोपरात काहीतरी टचकन वाजलं होतं. आतली बाजू काळीनिळी पडली. आईनं हळद लावली, तालमीच्या वस्तादांनी शेक सांगितला. काही दिवसांनी निळेपण गेलं, दुखायचंही थांबलं. उजवा दंड मात्र वर गोळा होऊन फुगला. हात जरा वाकवला की मोसंब्याएवढी बेंडकुळी.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. येणारा-जाणारा दंड चाचपायचा. "कंपनीचं काम मानवलं राव!" वस्तादही खूश, कारण जत्रेत भावाची कुस्ती ताथवड्याच्या पैलवानाशी ठरली होती आणि गेल्या वर्षी त्यानंच भावाला चीतपट केलं होतं. भाऊ बाही वर सारून हिंडायला लागला.

मला खटकलं ते लंगोटामुळे. पैलवान आपला लंगोट आपणच धुतो, बायकांना तर हात लावू देत नाही. भावाचा लंगोट पूर्वी दोरीवर पडायचा तो कडक पिळलेला. आता त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचायचं. एकदा तो धूत असताना मी नीट पाहिलं. उजव्या हातानं पीळ बसतच नव्हता.

"हातात जोर नाही का रे?"

"न्हाई कसा? भरली घागर उचलतोय की."

"मग पिळून दाखव."

"आक्का, तू बाजंवर गप पड."

मला गप बसायला सांगणं म्हणजे आगीत तेल. सव्वा महिना झाल्यावर बाळाला दाखवायचं निमित्त काढून मी त्याला चिंचवडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाळ ठणठणीत होतं. "आता याच्या मामाला बघा," मी म्हणाले. भाऊ खाऊ की गिळू असा बघायला लागला, पण डॉक्टरांसमोर बोलतो काय!

डॉक्टरांनी त्याचा तळवा पालथा धरला आणि जोर लावून उताणा करायला सांगितलं. होईना. मग मला म्हणाले, "तुमचं कोपर वाकवा, तळवा फिरवा आणि दंड चाचपा." तळवा आभाळाकडे केला की माझ्या काटकुळ्या दंडातही गोळा यायचा, पालथा केला की बसायचा.

"स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या," डॉक्टर म्हणाले. "त्या आखडतात आणि हाडाला ओढतात. ढकलणं त्यांना येत नाही. टोकाला दोरीसारखी कंडरा असते, ती हाडाला घट्ट चिकटलेली. यांची कोपराकडची कंडरा तुटली आहे. खालचं टोक सुटलं म्हणून स्नायू वर गोळा झाला. तळवा उताणा फिरवायचं काम त्याचं, म्हणून पिळता येत नाही. त्याच्याखालचा दुसरा स्नायू हात वाकवतो, म्हणून घागर उचलता येते."

"मंजी ही ताकद न्हाई?" भावानं विचारलं.

"नाही. लगेच पुण्याला नेऊन टाके घातले असते तर गोष्ट वेगळी. आता कुस्ती नको. कुणी मनगट धरून पिरगाळलं, तर सोडवता येणार नाही."

घरी येताना त्यानं वर सारलेली बाही खाली ओढून घेतली. माझं म्हणणं खरं निघालं होतं, पण आनंद औषधालासुद्धा नव्हता. फार वाईट वाटलं मला.

वस्तादांना पटेचना. "असला दंड आन् म्हणं तुटलाय!" शेवटी जत्रेच्या दिवशी, खेळत नाही हे सांगायला भाऊ स्वतःच आखाड्यात गेला. बायकांनी तिकडे जायची रीत नव्हती. लोकांचा गलका मात्र घरापर्यंत आला. मागोमाग चुलते आले. त्यांनी सांगितलं, लोक म्हणत होते, दंड वाघाचा आणि काळीज सशाचं.

भाऊ आला तेव्हा घरात पाव्हणे बसले होते. माझा तर तोल सुटला. "कुठायत ते मेले? हात तुटलाय म्हणून एकेकाच्या दारात जाऊन सांगते!"

"नगं आक्का," तो म्हणाला. "हात तुटलाय ते खरंच हाय. पर मी भ्यालोय बी. डाक्टर पिरगाळायचं बोलला, तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई. लोक खोटं बोलत न्हाईत."

आमच्या घरात पुरुषानं असं बोलून दाखवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"भ्यालास म्हणून तर धड घरी आलास," मी म्हणाले. त्यावर तो खाली बसला आणि सगळ्या पाव्हण्यांदेखत हमसून हमसून रडला.